रिले चार : दुरुस्त केली

१

दुपारी दीड वाजला की लाँड्री गपगार व्हायची. सकाळी सहापासून ठणाणा करणारी चारही मशीनं थांबायची. आई ऑफिसातल्या कॉम्प्युटरला चिठ्ठ्या छापायला लावायची आणि जिना चढून वर जेवायला जायची. वर घर, खाली धंदा. मध्ये फक्त सतरा पायऱ्या आणि साबणाचा वास.

चिठ्ठ्या म्हणजे हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डाच्या किती चादरी, ते गठ्ठ्यांवर चिकटवायचे कागद. आई जेवून खाली यायची तोवर दोनशे चिठ्ठ्या छापून तयार. तीनला हॉस्पिटलची गाडी दारात. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग दोन आठवड्यांपूर्वी बिघडलं. आई खाली आली तर प्रिंटर बावन्नाव्या चिठ्ठीवर जीभ बाहेर काढून बसलेला, आणि स्क्रीनवर पिवळी पट्टी. कॉम्प्युटरची भाषा कोरडी असते, तिचा सरळ अर्थ सांगायचा तर असा :

‘हार्डवेअर वॉर्निंग. रिले चार : हुकमाशिवाय चालू.’

आणि खाली दुसरी ओळ :

‘रिले चार : दुरुस्त केली.’

पट्टीवरचं ‘ओके’ दाबेपर्यंत प्रिंटर ढिम्म हलायचा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी आईनं जिन्याखालून हाक मारली. त्या हाकेनं वरच्या मजल्यावरची भांडीसुद्धा दचकली.

“खोडेऽऽ! खाली ये! आत्ताच्या आत्ता!”

२

खोडी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण खऱ्या नावानं तिला फक्त शाळेच्या हजेरीत हाक मारायचे, आणि शाळेनं तर तिच्यापुढे दोन वर्षांपूर्वीच हात टेकले होते. वय सोळा. अभ्यासात शून्य, उचापतीत पैकीच्या पैकी. आईनं प्रिंटर उघडला की बकरी ओरडायची, ही तिची करामत. दादाच्या फोनची घंटी बदलून तिथं आईचा आवाज टाकला होता, “ऊठ मेल्या, ऊठ”. तोही तिचाच उद्योग. काही खोड्या जमायच्या, काही फुसक्या निघायच्या. फुसक्या ती लगेच विसरायची. प्रत्येक फुसक्या खोडीचा हिशेब कोण ठेवत बसणार?

“तूच केलंस ना हे?” आई म्हणाली.

“आई, आईशप्पथ नाही.”

“माझीच शपथ मलाच घालतेस?”

“अगं, माझी खोडी असती तर पट्टी पिवळी कशाला ठेवली असती? गुलाबी केली असती. शिवाय बकरी कुठाय?”

आईला ते पटलं. ती खुर्चीत टेकली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे आणि सुरकुतलेले होते, आयुष्यभर पाण्यात राहिल्यासारखे. “काल गाडीवाला वीस मिनिटं थांबला. म्हणाला, उद्यापासून थांबणार नाही. हॉस्पिटलचं काम गेलं तर खालचं कुलूप लागेल खोडे, आणि मग वरचंही. तुला कॉम्प्युटरला हात लावायला बंदी केली होती. ती उठवली. पण नीट कर. आणि खरंच नीट कर.”

बंदी उठली! खोडीला वाटलं, शंभर खोड्या माफ. ती बाह्या सरसावून टेबलाखाली घुसली.

इथं काकांचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. आईच्या लग्नाआधीपासून ते लाँड्रीत मशीन चालवायचे. गुडघे गेलेले, बोलणं कमी. खोडीनं साखरेच्या डब्यात खळ भरली तर आईनं चहा करायच्या आत डबा बदललेला असायचा. गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली तर गाडी यायच्या आत सगळ्या जागेवर. काका एका शब्दानं रागवायचे नाहीत, चुगलीही करायचे नाहीत. येऊन फक्त एवढंच म्हणायचे, “केली दुरुस्त.” आणि पुन्हा कामाला.

काकांचा एकच नियम होता, दगडावरच्या रेघेसारखा. चार नंबरचं मशीन हॉलमधलं सगळ्यांत जुनं. त्याचं नाव म्हातारी. तिचा ड्रम एवढा मोठा की आत माणूस वाकून उभा राहील. नव्या मशीनांचं दार उघडं असलं तर ती सुरूच होत नाहीत. म्हातारीला दाराबिराचं काही कळायचं नाही. बटण दाबलं की ‘खट्ट’, मग नऊ सेकंद नुसती गप्प, आणि दहाव्या सेकंदाला गरागरा. म्हणून आत शिरणाऱ्यानं आधी भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढायचा आणि त्यावर आपला ॲप्रन बांधायचा. ज्या खटक्यावर ॲप्रन, त्याला दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. आतला बाहेर येणार, आपल्या हातानं ॲप्रन सोडणार, मगच खटका वर.

काका गेले त्याला दीड वर्ष झालं होतं. झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी खोडीनं त्यांची एक चप्पल लपवली होती, डाव्या पायाची. त्यांनी शोधली नाही. हसले, आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असे घरी गेले. फट... थप... फट... थप. खोडी दारात पोट धरून हसत होती. उद्या देऊ, म्हणाली होती मनात. उद्या ते आलेच नाहीत.

ती चप्पल अजून तिच्या कपाटात होती, तळाशी, कागदात गुंडाळून.

काका गेल्यावर आईनं मशीनं कॉम्प्युटरला जोडून घेतली. कॉम्प्युटरच्या पोटात एक कार्ड, कार्डावर चार रिले, म्हणजे चार छोटी बटणं. एक रिले एका मशीनचा. मग कोण खटका ओढतंय आणि कोण ॲप्रन बांधतंय!

३

पहिला दिवस. खोडीनं कॉम्प्युटर उघडला. आत एवढी धूळ आणि कापूस होता की एक उशी भरली असती. सगळा झटकला, कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं. दुपारी एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी पिवळी पट्टी.

दुसरा दिवस. वायरी बदलल्या. दोन वाजून सहा मिनिटांनी पट्टी.

तिसरा दिवस. कपड्यांच्या वाफेनं आत दमट होत असेल म्हणून कॉम्प्युटर उचलून कोरड्या भिंतीला नेऊन ठेवला आणि वर पंखा लावला. दादा म्हणाला, “त्याला आता सरबत पण दे.” दोन वाजायला चार मिनिटं कमी असताना पट्टी.

चौथ्या दिवशी तिनं कार्डच नवं घातलं. डब्यातून काढलेलं, चकचकीत, वर प्लॅस्टिक असलेलं. जेवताना तिनं आईला सांगून टाकलं, “आता बघच तू.” आईनं खाली येऊन बघितलं. पट्टी.

“बघितलं,” आई म्हणाली.

पाचव्या दिवशी खोडीनं वेगळंच केलं. सकाळचं काम झाल्यावर म्हातारीकडे जाणारी वायर कार्डातून उपटून काढली. आता रिले चालू झाला काय नि बंद झाला काय, म्हातारीला त्याचा पत्ताच लागणार नव्हता. जेवून आली तर पट्टी होतीच, पण काहीतरी निराळं वाटत होतं. तिनं दोनदा वाचली.

‘रिले चार : हुकमाशिवाय चालू.’

बस. दुसरी ओळ नव्हती. दुरुस्त केली, असं कोणी म्हटलंच नव्हतं.

जणू कोणाला उठायची गरजच पडली नव्हती.

हा विचार तिच्या डोक्यात कुठून आला ते तिचं तिला कळेना. हूं! कॉम्प्युटरला कसली गरज नि कसलं काय. संध्याकाळच्या घाण्याला म्हातारी लागणार होती, म्हणून तिनं वायर परत लावली.

४

कार्ड बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पोरीचा आवाज ऐकून कोणी उभं करत नाही, म्हणून घसा बसल्यासारखा आवाज काढला. “मी मॅनेजर बोलतेय.”

पलीकडचा कार्डवाला भला माणूस होता. त्यानं पहिली ओळ ऐकली. “हां. म्हणजे आपल्या रोजच्या प्रोग्रॅमनं न सांगता रिले चालू झाला. धूळ असेल, ओल असेल.”

“सगळं झालं करून. कार्डसुद्धा नवं घातलं.”

“मग कॉम्प्युटरमध्येच दुसरं काहीतरी आहे मॅडम, ते रिलेला हुकूम देतंय. तुम्ही नवीन काही टाकलंय का त्यात?”

“छे,” खोडी म्हणाली. आणि मनापासून म्हणाली.

“बरं, दुसरी ओळ काय म्हणालात?”

“दुरुस्त केली.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“मॅडम, आमच्या कार्डाला दुरुस्त करता येत नाही. ते फक्त चालू-बंद सांगतं. असा मेसेज आमच्या यादीतच नाहीये.”

“पण येतोय ना रोज.”

“येत असेल. पण तो आम्ही पाठवत नाही.” तो जरा अवघडून हसला. “एक सांगू? सेटिंगमध्ये चौकोन आहे, ‘वॉर्निंग दाखवू नका’. तिथं खूण करा. प्रिंटर अडकणार नाही. काम झाल्याशी मतलब.”

खोडीनं खूण केली. त्या दुपारी दोनशेच्या दोनशे चिठ्ठ्या छापून झाल्या. गाडी तीनला आली, तीन वाजून पाच मिनिटांनी गेली. आईनं खोडीच्या डोक्यावर हात ठेवला. असं शेवटचं कधी झालं होतं कोण जाणे.

“माझी गुणाची,” आई म्हणाली.

खोडीला खरं तर उड्या मारायला हव्या होत्या. पण त्या हाताखाली तिला उगाच चोरी केल्यासारखं वाटत होतं. पट्टी दिसत नव्हती, म्हणजे फक्त दिसत नव्हती.

५

म्हणून दुसऱ्या दिवशी आई गठ्ठे बांधत असताना तिनं गुपचूप कॉम्प्युटरची वही उघडली. वही म्हणजे लॉग. मशीनचं सगळं बारीकसारीक त्यात वेळेसकट लिहिलेलं असतं, कोणी बघो न बघो.

पट्ट्या सगळ्या होत्या. कालचीसुद्धा. तिनं पहिल्या दिवसापासून वाचायला घेतलं, आणि प्रत्येक दिवशीच्या दोन ओळींमधलं अंतर चिठ्ठ्यांच्या रिकाम्या कागदावर मांडलं.

पहिल्या दिवशी एक सेकंद. मग एक. मग दोन. दोन. तीन. तीन. चार. वायर काढली तो दिवस रिकामा. पाच. पाच. सहा. काल सात.

धूळ अशी वागत नाही. ओल अशी वागत नाही. बिघडलेली वस्तू कधी एक सेकंद घेते, कधी नऊ, कधी वर्षभर गप्प बसते. हे म्हणजे रोज कोणीतरी जरा जास्त दमत होतं.

“चल, काहीतरीच,” ती मोठ्यांदा म्हणाली, स्वतःचा आवाज ऐकायला.

तेव्हाच हॉलच्या मागच्या बाजूनं, वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांपलीकडून आवाज आला. फट... थप. मध्ये थोडं थांबून पुन्हा. फट... थप. पाइप गळत असेल. हॉलमध्ये बावीस पाइप आहेत, एखादा गळणारच. ती उठून बघायला गेली नाही, कारण पाइपच होता. पाइपच असणार.

कागदाची घडी करून तिनं खिशात ठेवली. घडी घालताना बोटं ओली लागली.

६

दुसऱ्या दिवशी तिनं पोट दुखतंय असं सांगितलं आणि जेवायला वर गेलीच नाही. चौकोनातली खूण काढून टाकली. आज जे काय येईल ते डोळ्यांसमोर येऊ दे.

आई वर गेली. दादा आधीच जेवून आला होता आणि हॉलमध्ये कुठंतरी होता. ऑफिसला मोठी काच आहे, तिच्यातून सगळा हॉल दिसतो. ओली फरशी. ट्रॉल्या. एक, दोन, तीन नंबरची गोल काचेची दारं. कोपऱ्यात म्हातारी. तिच्या बाजूला भिंतीवर मोठा खटका, वर ओढलेला. वर म्हणजे चालू.

खोडी खुर्चीत बसली. आपल्या हातानं काही बिघडायला नको म्हणून तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. कीबोर्डला हात नाही, माउसला हात नाही. प्रिंटर आपला चिठ्ठ्या ओकत होता. दहा मिनिटं गेली. पंधरा. तिनं काचेतून पुन्हा बघितलं.

म्हातारीच्या दारासमोर दोन बूट होते. दादाचे. आणि दार सताड उघडं.

तिला आठवलं, हॉस्पिटलच्या नव्या ब्लँकेटांचे धागे म्हातारीच्या ड्रमला चिकटतात म्हणून आईनं दादाला रोज ड्रम साफ करायला सांगितलं होतं. जेवणाच्या वेळेत. मशीनं बंद असतात तेव्हा. किती दिवस झाले? दोन आठवडे होऊन गेले.

खटका वर होता. ॲप्रन नव्हता. आणि आत दादा, कानात गाणी घालून.

‘टुंग.’

पिवळी पट्टी. दोन वाजून सात मिनिटं. ‘रिले चार : हुकमाशिवाय चालू.’

कोपऱ्यातून ‘खट्ट’ झालं.

आणि तेव्हा, तेव्हा कुठं त्या पोरीच्या टाळक्यात उजेड पडला. वीस मिनिटं. दुपारी दीडनंतर कॉम्प्युटरला वीस मिनिटं कोणी हात लावला नाही की म्हातारी सुरू. हे वाक्य तिनंच लिहिलं होतं. दादा जेवून आल्यावर म्हातारीशेजारच्या गठ्ठ्यांवर ताणून द्यायचा. आई वर गेल्यावर वीस मिनिटांनी म्हातारी आपोआप सुरू व्हावी आणि दादाची भुतानं धरल्यासारखी तंतरावी, म्हणून तिनं छोटासा प्रोग्रॅम लिहून ‘प्रिंटर मदत’ नावाच्या फायलीत दडवला होता. त्या दिवशी ती गठ्ठ्यांमागं लपून बसली होती. म्हातारी सुरू झालीच नव्हती. फुसकी निघाली, म्हणून ती विसरून गेली होती.

फुसकी निघाली नव्हती. रोज सुरू होत होती. रोज कोणीतरी थांबवत होतं.

७

एक. खुर्ची मागं पडली.

दोन. “दाद्याऽऽ!” कानात गाणी. त्याला काय ऐकू जाणार!

तीन. ऑफिसचं दार. चार. ट्रॉली आडवी. तिनं ती ढकलली, ट्रॉली तिरकी होऊन अडकली. पाच. ओल्या फरशीवर पाय घसरला आणि ती गुडघ्यावर आपटली. खटका अजून पंधरा पावलं लांब होता. पंधरा पावलं चार सेकंदांत होत नाहीत, आणि हे तिला पडल्या पडल्या स्पष्ट कळलं.

सहा.

चादरींच्या मागं फट... थप.

पाइप नव्हता. पाइप असा घाई करत नाही. फट. थप. फट. थप. एक चप्पल, एक अनवाणी पाय, आणि ओल्या फरशीवर तो अनवाणी पाय दर खेपेला जरासा घसरत होता, सावरत होता, पुन्हा पडत होता.

सात. समोर तीन नंबरचं दार होतं, गोल काच, वाफेनं अर्धी पांढरी. काचेत तिला हॉल उलटा दिसत होता. चादरींची रांग हलली. चादरींमधून पांढरं काहीतरी वाकलेलं पुढं आलं. पाठ. एक हात गुडघ्यावर दाबलेला. तोंड दिसलं नाही. तिनं बघितलंही नसतं.

आठ.

खटाक्.

हॉलमध्ये कोंडलेला श्वास सुटावा तसा आवाज झाला आणि म्हातारीच्या पोटातली घरघर सुरू व्हायच्या आधीच विझली. मागं ऑफिसात ‘टुंग’ वाजलं. वाचायला जायची गरज नव्हती.

खोडीनं मान वळवली. खटका खाली होता. त्यावर एक पांढरा ॲप्रन बांधलेला, अजून हलत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. एका पायाला बोटं होती. दुसऱ्याला नव्हती.

ती बघत असतानाच फरशी वाळत गेली.

८

दादा ड्रममधून उलटा बाहेर आला. डोक्यावर धाग्यांचा टोप. खोडी फरशीवर बसून हमसाहमशी रडत होती. कानातली गाणी काढून तो म्हणाला, “काय गं, काय तोडलंस?”

तिनं बोटानं खटका दाखवला.

“हां, ते थँक्यू हं,” दादा म्हणाला. “रोज म्हणायचं राहून जातं. मी ॲप्रन बांधायला विसरतो आणि बाहेर येऊन बघतो तर तू बांधलेला असतो. मनात म्हटलं, पोरगी सुधारली. बोललो नाही, उगाच नजर लागायची.”

“मी नाही बांधला.”

“मग आईनं.”

आरडाओरड्यानं आई जिन्यातून धावत आलेली, हाताला जेवण तसंच. “मी? मी तर जेवत असते. मला वाटायचं, दादानं आपलाच ॲप्रन बांधलाय आणि तसाच टाकून गेलाय. ओला चिंब असतो म्हणून मी रोज धुवायच्या ढिगात टाकते.”

तिघंही दाराजवळच्या खुंट्यांकडे बघायला लागले. तीन खुंट्या, तीन ॲप्रन, तिघांचे. तिथले तिथं.

“आणि संध्याकाळी घडी घालताना मोजते,” आई हळू आवाजात म्हणाली, “तेव्हा तीनच भरतात.”

ती खटक्याजवळ गेली. ॲप्रनच्या नाड्यांना हात लावला. ओला, आणि आत्ताच अंगावरून काढल्यासारखा कोमट. नाड्या दोनदा गुंडाळून, टोक आत खोचून बांधलेल्या होत्या. आईनं त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

“ही गाठ...” एवढंच म्हणाली. मग खालच्या गठ्ठ्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली.

खोडीनं तिथंच सगळं सांगून टाकलं. वीस मिनिटं, ‘प्रिंटर मदत’, सगळं. एक शब्द लपवला नाही. दादाचं तोंड पांढरंफटक पडलं. आई उठली, खोडीच्या थोबाडीत एक सणसणीत दिली, आणि मग तिला एवढं घट्ट पोटाशी धरलं की खोडीला श्वास घेता येईना.

“कार्टे,” आई म्हणत होती, “कार्टे, कार्टे.” आणि डोळे तिच्या डोक्यावरून चादरींच्या रांगांकडे.

९

त्या संध्याकाळी खोडीनं ती फाइल पुसली. मग खात्री म्हणून कॉम्प्युटर सगळाच पुसून नव्यानं भरला. बकरीसुद्धा गेली. दादानं त्याच दिवशी खटक्याखाली काकांचं जुनं स्टूल आणून ठेवलं, आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, “आता बसा. मी बांधतो.”

तो ॲप्रन घडी घालून आईनं कपाटात ठेवला होता. सकाळी कपाटात नव्हता.

खोडीनं आपल्या कपाटाच्या तळातून कागदाची पुडी काढली. डाव्या पायाची चप्पल. दीड वर्षात अंगठा जरा कडक झाला होता. तिनं तो तेल लावून मऊ केला. दुपारी आई वर गेल्यावर चप्पल स्टुलाशेजारी सरळ मांडून ठेवली. काय म्हणायचं ते तिनं रात्रभर ठरवलं होतं, चांगलं लांबलचक, सॉरी आणि थँक्यू आणि साखरेच्या डब्यापासूनचं सगळं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं :

“काका, तुमची.”

दादानं खटका खाली ओढला, आपला ॲप्रन बांधला, दोनदा गुंडाळून, टोक आत खोचून. मग ड्रममध्ये शिरला. कानात गाणी न घालता.

खोडी ऑफिसात जाऊन बसली. हात मांडीखाली. काही येणार नाही हे तिला माहीत होतं. फाइल नव्हती, खटका खाली होता, चूक करायला आता कोणी उरलंच नव्हतं. वीस मिनिटं झाली. एकवीस.

‘टुंग.’

पट्टीवर एकच ओळ होती. हुकमाशिवाय काहीही चालू झालेलं नव्हतं. वरची ओळ नव्हतीच. फक्त :

‘रिले चार : दुरुस्त केली.’

तिनं काचेतून बघितलं. स्टूल होतं. ॲप्रन खटक्यावर होता, दादाचा, कोरडा. स्टुलाशेजारची फरशी रिकामी होती.

आणि चादरींच्या रांगांमागून आवाज येत होता, हळूहळू लांब जाणारा, कसलीही घाई नसलेला. फट. फट. फट. फट. दोन्ही पाय सारखे.

तो अजिबात ऐकू येईनासा होईपर्यंत खोडी ऐकत राहिली. प्रिंटर चोपन्नाव्या चिठ्ठीवर अडकून तिची वाट बघत होता. वर आईनं ताट सरकवल्याचा आवाज आला, ड्रमच्या आत दादा बेसूर गुणगुणत होता.

मग तिनं ‘ओके’ दाबलं. दाबायला तिला जरा वेळ लागला. सात-आठ सेकंद लागले असतील.